घरी जोडलेला डेस्कटॉप तापतोय? काय सापडलं ते इथे लिहा

सुटे भाग आणून घरी जोडलेला डेस्कटॉप तापायला लागला की पहिला विचार नव्या कूलरचा येतो. माझी विनंती आहे, त्याआधी थोडा वेळ मोजमापाला द्या. एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा, सिनेबेंच ही प्रोसेसरवर भार टाकणारी चाचणी लावून सगळे कोअर कामाला जुंपा आणि तापमान किती झालं यापेक्षा ते किती वेळात तिथे पोचलं हे बघा.

दोन-चार सेकंदांत ४० वरून ९५ वर उडी मारली, तर प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत पोचतच नाहीये. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली उष्णता पोचवणारी पेस्ट, स्क्रू, कूलरची बैठक तपासा. सुरुवातीला ७० वर थांबलं आणि पंधरा-वीस मिनिटांत हळूहळू ९० कडे सरकलं, तर कूलर त्याचं काम करतोय, पण कॅबिनेटमध्ये कोंडलेली गरम हवाच त्याला परत परत मिळतेय. आणि काहीही चालू नसताना ६५ दिसत असेल तर भानगड तिसरीच. हे तीन प्रकार वेगळे ओळखता आले की वायफळ खर्च वाचतो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण तापण्यापायी धडधाकट भाग बदलून टाकलेले मी पुष्कळ पाहिलेत.

लिहिताना प्रोसेसर, कूलर, कॅबिनेट आणि काय करताना तापतं हे जरूर लिहा. खोलीचं तापमानही लिहा. खोली १० अंशांनी तापली की आतले आकडेही साधारण तेवढेच वर सरकतात.

—

माझा पीसी व्हिडिओ रेंडर करताना आधी मंद व्हायचा आणि मग थेट बंद पडायचा. निळी स्क्रीन नाही, एरर नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ ही नोंद दिसली, तेव्हा मित्रांनी एसएमपीएस (वीजपुरवठा करणारा डबा) बदलायला सांगितलं. पण ती नोंद एवढंच सांगते की मशीन नीट शटडाउन न होता बंद झालं. कशामुळे, ते सांगत नाही. तापमान बघितलं तर धागाकर्तीने लिहिलंय तो पहिला प्रकार: रेंडर सुरू होताच १००.

कूलर प्रोसेसरच्या खोक्यातलाच, गोल, चार कोपऱ्यांना प्लॅस्टिकच्या पुश-पिना असलेला. वरून चारही पिना सारख्याच बसलेल्या दिसत होत्या. मदरबोर्ड बाहेर काढून उलटा धरला, तेव्हा तीन भोकांत पांढरी टोकं दोन बाजूंना फाकून त्यांच्यामध्ये काळी पिन घुसलेली दिसली. चौथ्या भोकातून पांढरं टोक जेमतेम डोकावत होतं, फाकलंच नव्हतं. कूलर काढला तर पेस्टमध्येही तेच लिहिलेलं: तीन कोपऱ्यांकडे पातळ, दाबून पसरलेला थर आणि चौथ्याकडे जाड, ओला, कूलरचा नीट स्पर्शही न झालेला. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, वाटाण्याएवढी नवी घातली, समोरासमोरच्या पिना जोडीने दाबल्या. आता त्याच रेंडरला ७८ च्या पुढे जात नाही. एसएमपीएस अजून तोच आहे.

—

मित्राच्या पीसीत कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म तशीच राहिली होती. तिच्यावर पेस्टही लावलेली! जोडून देणाऱ्याने काढली नव्हती. एम.२ एसएसडीच्या हीटसिंकखाली थर्मल पॅड असतो, त्यावरची फिल्मही जाता जाता बघा. आम्हाला तिथेही सापडली.

—

माझा प्रकार दुसरा, हळूहळू चढणारा. गेम सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं सगळं छान, मग ग्राफिक्स कार्ड ८४ आणि प्रोसेसर ८८. कॅबिनेट दिसायला सुंदर, पुढून पूर्ण काचेचं, हवा आत यायला कडेला बोटभर फट.

सगळ्यात उपयोगी पडलेली चाचणी अगदी सोपी होती. बाजूचं पॅनल काढलं आणि तोच गेम तितकाच वेळ चालवला. दोन्ही आकडे ११-१२ अंशांनी उतरले. पॅनल उघडून एवढा फरक पडला तर दोष हवेच्या वाटेत आहे. उघडूनही काहीच हललं नाही तर पेस्टकडे वळायचं. मग पुढची काचही काढून पाहिली, आणखी उतरलं.

त्यानंतर फॅन एकेक करून तपासले. फॅनच्या चौकटीवर बाण असतो. नसला तर मोटर धरणाऱ्या काड्या ज्या बाजूला आहेत, त्या बाजूने हवा बाहेर पडते. माझ्याकडे वरचे दोन आणि मागचा एक, तिन्ही हवा बाहेर फेकणारे होते आणि आत घेणारा फक्त एक. वरच्या दोघांपैकी पुढचा फॅन कूलरला मिळण्याआधीच ताजी हवा वर ओढून बाहेर टाकत होता. तो काढून पुढे लावला, आत घेणारा केला. काचेच्या जागी जाळीचं पॅनल मिळालं. नवा कूलर लागला नाही.

—

धागाकर्ती ताई, एक भर घालतो. तुमचा पहिला नियम नव्या प्रोसेसरना जसाच्या तसा लावला तर लोक विनाकारण घाबरतील. रायझन ७००० मालिकेतले एक्सवाले प्रोसेसर सगळ्या कोअरवर भार आला की ९५ पर्यंत मुद्दाम जातात आणि तिथे राहून जमेल तेवढा वेग काढतात. कितीही मोठा कूलर लावा, बऱ्याचदा आकडा तोच, वेग थोडा जास्त. म्हणून तापमानासोबत वॅट आणि क्लॉकही (प्रोसेसरचा वेग) बघायला हवेत. ९५ वर असताना प्रोसेसर पूर्ण वॅट घेत असेल तर बैठक ठीक आहे. ९५ वर आहे आणि वॅट निम्मेच, तर कूलर उघडा.

माझ्या ७७००एक्सला बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) ६५ वॅटचा इको मोड, म्हणजे कमी वीज घेणारा मोड, लावला. सॉकेटची, म्हणजे प्रोसेसरला प्रत्यक्ष मिळणाऱ्या विजेची, मर्यादा १४२ वरून ८८ वॅटवर येते. रेंडरला थोडा जास्त वेळ लागतो, पण तापमान सत्तरीच्या आसपास आणि फॅनचा आवाज जवळजवळ नाहीच.

—

वरच्या दादांचं म्हणणं रास्त आहे, मूळ नियमासोबत वाचावं. इंटेलच्या बाबतीतही बायोसमधली वीजमर्यादा तपासा. १३७००केची मूळ मर्यादा १२५ आणि टर्बोची २५३ वॅट आहे, पण काही मदरबोर्ड मर्यादाच काढून टाकतात. अशा वेळी कूलरला दोष देण्यात अर्थ नाही.

—

आमच्याकडे तिसरा प्रकार. काही न करता ६८, लिक्विड कूलर असूनही. कॅबिनेट उघडून दोन्ही नळ्यांना हात लावला. एक चांगलीच गरम, दुसरी गार. पाणी फिरत असेल तर दोन्ही साधारण सारख्याच कोमट लागतात. बायोसमध्ये पंपाच्या खान्यात आरपीएम शून्य. पंपाची वायर फॅन हेडरवर (मदरबोर्डवरच्या फॅनच्या जोडणीवर) होती आणि त्या हेडरला शांत मोडमध्ये कमी तापमानाला पूर्ण थांबण्याची सेटिंग होती. वायर पंप हेडरवर घातली, वेग शंभर टक्के ठेवला, ३८ वर आलं.

तेव्हाच आणखी एक गोष्ट बदलली. रेडिएटर (पाणी गार करणारा भाग) पुढच्या बाजूला इतका खाली होता की पंप सगळ्यात उंच जागी येत होता. लूपमधली हवा उंच जागी जमते, म्हणून रेडिएटरचा काही भाग तरी पंपापेक्षा वर हवा. रेडिएटर छताला लावल्यावर सुरू होतानाचा गुडगुड आवाजही गेला.

—

रिकाम्या मशीनचं तापमान जास्त असेल तर टास्क मॅनेजर बघा असं सगळे सांगतात. बघाच, पण तो उघडला की गप्प बसणारे मायनर, म्हणजे आपल्या पीसीवर गुपचूप क्रिप्टो नाणी काढणारे प्रोग्रॅम, असतात. आमच्या घरातल्या पीसीचे फॅन टास्क मॅनेजर उघडताच शांत व्हायचे, बंद केला की पुन्हा घोंघावायचे. चोरून उतरवलेल्या एका सॉफ्टवेअरबरोबर तो मायनर आला होता. विंडोज नव्याने टाकलं. पेस्ट, फॅन, कशालाही हात लावावा लागला नाही.

—

धुळीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मांजरं आहेत, त्यामुळे आमचा अनुभव दांडगा. एसएमपीएसखालची जाळी बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, ती मागे किंवा बाजूला सरकवून निघते. दाबाची हवा मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. टॉवर कूलरच्या पत्र्यांमधली लोकर फॅन काढल्याशिवाय दिसत नाही. फॅन काढाच.

—

ग्राफिक्स कार्डवाल्यांनी नुसत्या मुख्य तापमानावर जाऊ नये. माझ्या जुन्या कार्डाचं मुख्य तापमान ७४, पण हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात गरम जागा) १०६. दोन्हींत साधारण १० ते २० अंशांचं अंतर असतं, माझ्याकडे ३२ होतं. वॉरंटी संपलेली होती म्हणून उघडलं. चिपच्या मधली पेस्ट सरकून कडांना जमा झाली होती आणि मध्ये धातू उघडा दिसत होता. पेस्ट बदलली. मेमरीवरचे पॅड फाटले नव्हते, तरी बदलले. जुन्यांची जाडी आधी मोजून घेतली, कारण नवा पॅड जास्त जाड निघाला तर हीटसिंक चिपवरून उचलला जातो. मुख्य तापमान ७१, हॉटस्पॉट ८४. पहिला आकडा जेमतेम हलला, पण कार्डाचा वेग मधूनच पडायचा तो थांबला.