रोबोट बंपच्या माथ्यावर पोटावर बसतो: उंच करायचा की चाकं जवळ आणायची?

जर्सीची_ताई

नमस्कार मंडळी. मुलगी इथे न्यू जर्सीत शाळेच्या एफआरसी (फर्स्ट रोबोटिक्स काँपिटिशन, शाळकरी मुलांची रोबोट स्पर्धा) टीममध्ये आहे. मी हिशेबातली बाई. टीमचं बजेट आणि शनिवारचं जेवण एवढंच माझं खातं, पण पोरांनी आज मलाच पंच म्हणून बसवलंय.

यंदाच्या, म्हणजे २०२६ च्या रीबिल्ट गेममध्ये मैदानावर बंप आहेत, म्हणजे दोन्हीकडून उतार असलेले उंचवटे; रोबोटने ते ओलांडायचे. मॅन्युअलच्या मापाने आम्ही प्लायवूडचा एक बनवला. रोबोट वर चढतो आणि बरोब्बर माथ्यावर पोट टेकून बसतो. चाकं गरगर फिरतात, रोबोट ढिम्म. स्वर्व्ह ड्राइव्ह आहे (चार कोपऱ्यांत चार चाकं, प्रत्येक आपापलं वळतं), फ्रेम २७ बाय २७ इंच, चाकं ४ इंची, बेली पॅन (पोटाखालचा पत्रा) जमिनीपासून २ इंचांवर. एक गट म्हणतो, सगळं १ इंच उंच करू. दुसरा म्हणतो, स्वर्व्ह काढा, सहा चाकी टँक बसवा (दोन्ही बाजूंना तीन-तीन न वळणारी चाकं), म्हणजे चाकं जवळ येतील. दोन्ही गटांचा अबोला आहे. कोणाचं ऐकू?

टूलरूमवाला

ताई, आधी दोन्ही गटांना एका टेबलाशी बसवा. दोघंही एकाच गणिताची दोन टोकं धरून भांडतायत.

मी भोसरीत टूलरूममध्ये उमेदवारी केली. आता मिशिगनमध्ये एका टीमबरोबर असतो. पोरं नेहमी 'क्लिअरन्स (पोटाखालची मोकळी जागा) किती पाहिजे?' असं विचारतात, आणि या प्रश्नाला एकटं उत्तर नसतं. पुढच्या-मागच्या चाकांत अंतर किती आणि खालचा कोन किती, हे सांगा. मग क्लिअरन्स सांगतो. गावाकडच्या उंच स्पीडब्रेकरवर लांब गाडी पोट घासते आणि आखूड गाडी निघून जाते, तोच प्रकार.

बंप साधारण साडेसहा इंच उंच आहे आणि दोन्ही बाजूंना १५ अंशांचे उतार माथ्यावर भेटतात. पुढची चाकं पलीकडे आणि मागची अलीकडे, अशा वेळी माथा पोटाच्या मधोमध येतो. तेव्हा लागणारा क्लिअरन्स म्हणजे चाकांमधलं अंतर भागिले दोन, गुणिले टॅन १५, म्हणजे ०.२६८. चाक गोल असल्यामुळे थोडी सूट मिळते, पण ४ इंची चाकाला ती इंचाच्या दहाव्या भागाहूनही कमी. सोडून द्या.

तुमच्या स्वर्व्हच्या मॉड्यूलमध्ये (चाक-मोटरच्या जुडग्यात) चाकाचं केंद्र फ्रेमच्या कडेपासून साधारण २.६ इंच आत असणार. म्हणजे व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) पावणेबावीसच्या आसपास. निम्मे केले की १०.९, गुणिले ०.२६८, उत्तर २.९. तुमच्याकडे २ आहेत. बसणारच.

पहिल्या गटाचं १ इंच कागदावर पास होतं, जेमतेम. पण चाकं मैदानावरच्या कार्पेटमध्ये रुततात, ट्रेड (चाकावरचं रबर) झिजतो, बेली पॅनखाली बोल्टची डोकी लोंबतात. शिवाय बॅटरीसकट सगळं वजन इंचभर वर जातं आणि बंपरच्या (रोबोटभोवतीच्या गादीच्या) उंचीची हद्द मॅन्युअलमध्ये ठरलेली, तो फ्रेमबरोबर वर सरकवता येत नाही. मला हा उपाय पटत नाही.

पोरांना फुकटात करून बघायला सांगा: बंप सरळ ओलांडू नका, रोबोट ४५ अंश फिरवून कोपरा पुढे करून न्या. स्वर्व्ह आहे ना, मग तोंड कुठेही असलं तरी चालतो. तिरका केला की एक चाक पुढे, दोन चाकं बाजूला बरोब्बर मध्यावर आणि एक मागे. म्हणजे चालण्याच्या दिशेने तीन ओळी झाल्या. वजन मध्यावर असेल तर मागची तीन चाकं चढावर टेकलेली राहतात, पुढचं अधांतरी जातं, बाजूची दोन माथ्यावर आली की रोबोट धप्पकन पुढे कलतो. पोट कुठल्या तरी उताराला समांतरच राहतं. वजन थोडं पुढे-मागे असलं तरी दोन ओळींत अंतर साडेपंधरा इंचांच्या आतच, म्हणजे वाईटात वाईट दोन इंच लागतील. तेवढे आहेत तुमच्याकडे, घासून.

सहाचाकी

काका, माफ करा, पण सहा चाकांत हे सगळं आपोआप मिळतं. मधलं चाक ⅛ इंच खाली ठेवलं की झालं. आमच्या वेळी, २०१६ च्या स्ट्राँगहोल्ड गेमला, खंदक न् दगडी भिंत ओलांडायला मोठी हवेची चाकं लावून लोक असेच जात होते. स्वर्व्हचे लाड कशाला?

टूलरूमवाला

सहा चाकं उत्तमच, यात वाद नाही. पण मधलं चाक खाली ठेवतात ते वळण्यासाठी, बंपसाठी नव्हे. टँक ड्राइव्ह वळताना चाकं आडवी फरफटतात. रबर सगळीकडे सारखंच असेल तर डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर पुढच्या-मागच्यापेक्षा जास्त हवं, नाहीतर रोबोट वळायच्या ऐवजी उड्या मारतो. मधलं चाक खाली घेतलं की एका वेळी दोनच ओळी जमिनीवर राहतात, टेकलेली लांबी निम्मी होते. बंपवर त्या ⅛ चा उपयोग नगण्य, तिथे कामाला येतं ते मधलं चाक असणं. आणि चालतं स्वर्व्ह भर सीझनमध्ये उपटायचं? प्रोग्रामिंगची पोरं रडतील हो.

जर्सीची_ताई

काका, तिरकं नेलं! गेला पलीकडे. पण चढताना पुढचा कोपरा आपटतो, आणि मध्ये 'खर्र' असा आवाज येतोच. शिवाय पलीकडे गेल्यावर रोबोट आपण कुठे आहोत तेच विसरतो, असं मुलगी म्हणते.

टूलरूमवाला

शाब्बास. कोपरा आपटणारच: तिरक्यात बंपरचं टोक चाकाच्या पुढे साधारण आठ-साडेआठ इंच जातं. गुणिले ०.२६८, म्हणजे बंपरची खालची कड सव्वादोन इंचांच्या वर हवी. चारही कोपऱ्यांना टेप लावून मोजा, कापड खाली लोंबलेलं असतं. आणि उतरतानाही हाच कोपरा कार्पेटमध्ये घुसतो, फक्त चढताना बघून भागणार नाही.

खर्रसाठी बंपच्या माथ्यावर निळा खडू जाड घासा, रोबोट हळू न्या आणि उलटा करा. निळे ठिपके बोल्टपाशीच असतील तर काउंटरसंक (डोकं पत्र्यात बुडणारे) बोल्ट बसवा. आडवी सलग रेघ आली तर वजन मध्यावर नाही. घरचे चार वजनकाटे चारी चाकांखाली ठेवा, बॅटरी आणि बंपर लावूनच. जड बाजूकडून बॅटरी हलक्या बाजूला सरकवा, ती १२-१३ पाउंडांची असते, फरक लगेच दिसेल.

विसरण्याचं कारण म्हणजे अधांतरी चाक मोकळं फिरतं आणि कोड ते अंतर खरं धरतो. बंप ओलांडल्यावर कॅमेऱ्याने एप्रिलटॅग (मैदानावर लावलेल्या काळ्या-पांढऱ्या चौकोनी खुणा) बघून जागा दुरुस्त करायची. हे प्रोग्रामिंगवाल्यांना सांगा, मला त्यातलं विचारू नका.

आणि हो, उंच करायचा विषय परत निघाला तर ट्रेंचची, म्हणजे मैदानावरच्या बुटक्या बोगद्याची, आठवण द्या. खालून जायला सव्वाबावीस इंचच मिळतात. तुमचा रोबोट आत्ता किती उंच आहे?

जर्सीची_ताई

२१ आणि पाव. अँटेनासकट.

टूलरूमवाला

मग उंच करायची चर्चा आजच बंद करा. अँटेना आडवी बसवा.