कंपनीने हात काढला तर लायब्ररीचं काय?

प्रश्न: आमची अख्खी पाइपलाइन एका ओपन सोर्स डेटाफ्रेम लायब्ररीवर (तक्त्यातला डेटा हाताळणारा तयार कोड) आहे, पण मागची कंपनी थंड पडलीये, लायब्ररी सांभाळणारे पगारी मेंटेनर दुसऱ्या प्रॉडक्टवर गेलेत, पुल रिक्वेस्ट (लोकांनी सुचवलेले कोडमधले बदल) तशाच पडून. आत्ताच दुसरीकडे जाऊ का?

उत्तर १: घाई नको रे. पांडाज (ही पण डेटाफ्रेम लायब्ररीच) २००८ मध्ये एक्यूआर या गुंतवणूक कंपनीत सुरू झालं, आज नमफोकस या ना-नफा संस्थेच्या छत्राखाली मस्त चाललंय. रेडिस या डेटाबेसच्या कंपनीने २०२४ मध्ये लायसन्स बदललं तर लिनक्स फाउंडेशनकडे व्हॅल्की हा फोर्क (त्याच कोडवरून निघालेला वेगळा प्रकल्प) उभा राहिला, अर्थात तिथे मोठ्या कंपन्या मागे होत्या, सगळ्यांच्या नशिबी ते नसतं.

उत्तर २: कमिट (कोडमध्ये प्रत्यक्ष बदल) कोण करतंय ते बघ आधी. तोवर व्हर्जन पिन कर (एकच ठरलेली आवृत्ती वापर), डेटा पार्के या खुल्या फाइल फॉरमॅटमध्ये ठेव, म्हणजे दुसऱ्या लायब्ररीतूनही वाचता येईल.

प्रश्नकर्ता: बघितलं. एक सोडून सगळे कंपनीचेच. बोंबला!