सातजण खेळतात, लढाईत टर्न यायला अर्धा तास लागतो. उपाय सांगा

मिऱ्याबंदर: जून-जुलै मासेमारी बंद, त्यामुळे बोटीवर जाणारी पोरंही सध्या घरी आहेत आणि आमच्या टेबलावर एकदम सातजण झालेत. पाचव्या आवृत्तीचं डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन गोष्ट खेळायची) खेळतो. लढाई सुरू झाली की वीस बाजूंचा फासा अधिक डेक्स (पात्राच्या चपळाईचा आकडा), मोठ्या आकड्यापासून खाली क्रम, आणि तोच क्रम शेवटपर्यंत. परवा जयगडच्या खाडीत गलबतावर चाचे चढले. सगळ्यात खाली नंबर लागलेली आमची धनुर्धर शिडाची दोरी कापायचं मनात धरून बसली होती. तिचा टर्न येईपर्यंत मांत्रिकाने अख्खं शीडच जाळलं. खेळातली फेरी सहा सेकंदांची, आणि ती बिचारी अर्धा तास ताटकळत. मला हे फार लागलं. दुसऱ्या खेळांत काय करतात?

बाणकोटची खाडी: सॅव्हेज वर्ल्ड्स या अशाच दुसऱ्या खेळात दर फेरीला पत्ते वाटतात. एक्का आधी, दुर्री शेवटी. आकडा सारखा आला तर इस्पिक, बदाम, चौकट, किलवर. जोकर आला की वाटेल तेव्हा खेळा, वर त्या फेरीत फाशांना +२. जोकर आलेली फेरी संपली की पत्ते पिसायचे. पत्ता समोर उघडा असतो, क्रम लिहावा लागत नाही. मेंढीकोट खेळणाऱ्या घरात हे समजवायला दोन मिनिटं पुरतात.

आंबोळी_डीएम: पत्ते छानच, पण पाचवीत आणताना जपा. तिथे बऱ्याच मंत्रांचा परिणाम ‘पुढच्या टर्नपर्यंत’ असतो. क्रम दर फेरीला हलला की एकाचा लगेच सुटतो, दुसऱ्याचा दुप्पट टिकतो. डी अँड डीच्याच १९८१च्या बेसिक आवृत्तीत दर फेरीला प्रत्येक बाजूने सहा बाजूंचा एकच फासा टाकायचा, जिंकलेली बाजू आधी. झटपट होतं, पण ती बाजू समोरच्याला उठूच देत नाही.
मी मधला मार्ग धरते. फासे नेहमीसारखेच, फक्त दोन शत्रूंच्या मध्ये जेवढे खेळाडू येतील ते एकत्र, आपसात ठरवून खेळतात. तुमची धनुर्धर आणि मांत्रिक असे शेजारी आले असते तर आधी बोलले असते.

मिऱ्याबंदर: हे पटलं, रविवारी लावतो. पण शत्रू एकटाच असेल तर सातजण एकदम तुटून पडतील ना?

आंबोळी_डीएम: पडतील. म्हणूनच ड्रॅगनसारख्यांना लेजेंडरी अ‍ॅक्शन (जादा चाली) दिल्यात, दुसऱ्याचा टर्न संपल्या संपल्या वापरायच्या. गट एकत्र खेळत असला तरी एकेकाचं झालं की लगेच वापरा, सगळ्यांचं होईपर्यंत थांबू नका.