आगमनकाळातील आशा म्हणजे केवळ वाट पाहणे का?

वसईची लेक
सर्वांना सप्रेम जय ख्रिस्त. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीवरून माझा थोरला भाऊ घर सोडून गेला, त्याला आता तीन वर्षे झाली. नाताळाआधीच्या चार रविवारांच्या आगमनकाळात पहिल्या रविवारी जांभळी मेणबत्ती पेटवताना आई दरवर्षी त्याचे नाव घेते आणि 'देवावर आशा आहे' एवढेच म्हणते. त्याला फोन करण्याचा विषय काढला, की मात्र 'आपण मध्ये पडायचे नाही, देव पाहून घेईल' असे तिचे उत्तर ठरलेले असते. तिच्या श्रद्धेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. परंतु ख्रिस्ती आशा म्हणजे हात जोडून बसणे आहे का, आणि मी पुढाकार घेतला तर तो देवावरचा अविश्वास ठरेल का, हा प्रश्न यंदा मला स्वस्थ बसू देत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना धर्मशिक्षक
ताई, तुमचा प्रश्न वाचताच मला बायबलमधील यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथाचा 32वा अध्याय आठवला, कारण तेथेही विषय भावकीतल्या जमिनीचाच आहे. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातला आहे, नगर पडणार हे यिर्मयाने स्वतःच सांगितले आहे आणि त्याबद्दल राजाने त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात कोंडून ठेवले आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि अनाथोथ येथील शेत विकत घे म्हणतो. शत्रूच्या हाती जाणारी जमीन कोण घेईल? यिर्मया मात्र 17 शेकेल रुपे (चांदी) तराजूत तोलून देतो, साक्षीदारांसमोर खरेदीखत करून त्यावर शिक्कामोर्तब करतो आणि ते पुष्कळ दिवस टिकावे म्हणून आपला लेखनिक बारूख याला मातीच्या पात्रात ठेवायला सांगतो. या देशात घरे, शेते आणि द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील, या देवाच्या वचनावर त्याने पदरचे पैसे लावले. माझ्या मते आशा म्हणतात ती हीच. पुढच्याच अध्यायात दावीद राजाच्या वंशातून अंकुर, म्हणजे तारणारा राजा, उगवण्याचे जे अभिवचन आहे, ते दर तीन वर्षांनी आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी मिस्साबलिदानात (चर्चमधील मुख्य उपासनेत) वाचले जाते. ते ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर प्रत्येक वेळी ते मातीचे पात्र येते.

हिब्रू भाषेत आशेसाठी 'तिक्वा' असा शब्द आहे आणि इस्राएली हेरांना लपवणाऱ्या यरीहोच्या राहाबेने खिडकीला बांधलेल्या किरमिजी दोरीच्या वर्णनातही तोच शब्द आला आहे. तिला वाचवण्याचे वचन हेरांनी दिले होते, दोरी मात्र तिने आपल्या हातांनी बांधली.

अहिल्यानगरचा वाचक
वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, तरी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. डीट्रिश बोनहोफर हे जर्मन पाळक नाझी राजवटीच्या कैदेत असताना त्यांनी नोव्हेंबर 1943 मध्ये मित्राला लिहिलेल्या पत्रात आगमनकाळाला तुरुंगातील कोठडीची उपमा दिली आहे: आतला माणूस वाट पाहतो, काही ना काही करत राहतो, पण दार बाहेरूनच उघडावे लागते. तुमच्या आईंचे म्हणणे मला या अर्थाने खरे वाटते. भावाचे मन वळवणे तुमच्या हाती नाही, आणि आपण फोन केला म्हणजे त्याने परत आलेच पाहिजे असे मनाशी धरून बसलात, तर पदरी निराशाच येईल. फोन जरूर करा, जमिनीचा विषय काढू नका आणि त्याचे उत्तर देवावर सोपवा.

नाचणी पेरणारी
आमच्या घरी नाताळच्या गोठ्यासाठी परातीत माती घालून नाचणी पेरतात. रोज पाणी शिंपडणे आपले काम. पण उगवले का हे पाहण्यासाठी लहानपणी मी माती उकरली होती आणि तेवढ्या जागेत काहीच उगवले नाही. शेतकरी भूमीच्या मोलवान पिकाची धीराने वाट पाहतो, हे याकोबाच्या पत्रातील वचन (5:7) वाचले, की मला ती परात आठवते.

वसईची लेक
सर्वांचे मनःपूर्वक आभार. हे सर्व मी आईला वाचून दाखवले; खरेदीखताचा भाग ऐकून ती बराच वेळ गप्प राहिली. रात्री दादाला फोन लावला, पण त्याने उचलला नाही. आज सकाळी आईने स्वतःच नाचणी भिजत घातली आणि म्हणाली, 'नाताळचा गोठा करायला येतोस का, एवढेच त्याला विचार.' तो निरोप मी आताच पाठवला आहे.