जुनं लाकूड आणि गणपतीची आरास: तुमचे अनुभव सांगा

बकुळफूल
कालपासून माळा आवरायला घेतलाय. दर श्रावणात ठरवते, यंदा खरंच घेतला. पत्र्याच्या ट्रंकेमागे गोधडीत गुंडाळलेला आमचा पाळणा निघाला. सागवानी. चार कोपऱ्यांना दोन-दोन फुटांचे कातीव खांब, मधल्या दांड्यांवर लाखेचे लाल-हिरवे पट्टे. तळाची फळी वाळवीने खाल्लेली, साखळ्या कुणी नेल्या देव जाणे. बाबा, दोन्ही आत्या, काका, मग आम्ही तिघं, एवढी माणसं त्यात झोपून उठली. गोधडी सोडल्यावर आजीच्या हाताला यायचा तसा एरंडेलाचा वास आला. खरंच आला की मलाच वाटलं कोण जाणे.

नवरा म्हणाला भंगारवाला घेईल. मी म्हटलं, आधी तुला देते. डोक्यात असं आहे की चार खांब म्हणजे मखराचे खांब, वर दांड्यांची झालर. लाखेचा रंग ठेवायचा, काजळी तेवढी काढायची. गणपतीला तीन आठवडे आहेत. तुमच्यापैकी कुणी पाट, झडपा, पेट्या, मापं, असलं काही सणाच्या आराशीत वापरलंय का? जमलेलं सांगा. फसलेलं आधी सांगा.

सोलकढी
मी पहिली! कुकर लावलाय, शिट्ट्या झाल्या की लिहिते.

खाडीपलीकडचा
आमच्याकडे मखर नाही, माटवी. गणपतीच्या डोक्यावर टांगलेली लाकडी चौकट, तिला आंब्याचे टाळ, कवंडळं, कांगलं, हरणाची फुलं, नारळ, सुपारीचं शिपटं. चौकट फणसाची, पणजोबांच्या वेळची. मी मुंबईहून सोनेरी स्प्रे घेऊन गेलो होतो. काका म्हणाले, "मेल्या, तेका रंग लावशीत तर तुकाच वर टांगतलंय."

मग गप काजूच्या टरफलांचं तेल लावायला बसलो. होड्यांना लावतात तेच, वाळवी फिरकत नाही. पण हातमोजे घालायचे असतात हे मला कुणी सांगितलं नाही. दोन्ही हातांना हे फोड. चतुर्थीला मोदक बायकोने भरवले आणि ते बघायला सगळी वाडी जमली. चौकट मात्र अजून ठणठणीत आहे.

सोलकढी
😂😂 बिचारी बायको. ती दिवसभर मोदक वळणार आणि वर भरवणार पण!

दादरकर
आमचं घर थर्माकोलवालं. दोन महिने आधीपासून गरम तार घेऊन बाबा आणि मी. महाल, रथ, एकदा तर अख्खा रायगड. २०१८ च्या मार्चमध्ये बंदी आली तेव्हा बाबांनी पेपर दोनदा वाचला आणि काही बोललेच नाहीत. त्या वर्षी काय करायचं म्हणून आंब्याच्या रिकाम्या पेट्या जमवल्या, जुन्या, लाकडी पट्ट्यांच्या. पट्ट्या सुट्या केल्या, घासल्या, देवगडचा छाप मुद्दाम समोर ठेवला आणि कोकणातलं कौलारू घर केलं. बघणारे खूश.

तिसऱ्या दिवशी मुंग्या. एक-दोन नाही, ओळच्या ओळ, पेटीच्या सांध्यांतून नैवेद्यापर्यंत. पट्टीत रस मुरलेला असतो हे लक्षात कुणाच्या येणार? पेट्या वापरणार असाल तर आधी गरम पाण्याने पुसून चार दिवस कडक उन्हात टाका. पावसाळ्यात ऊन कुठून आणायचं ते मला विचारू नका. बाबा आता त्याच पट्ट्यांचे आकाशकंदील करतात. थर्माकोलचं नाव काढत नाहीत. तार अजून कपाटात आहे.

माणदेशी लेक
आमच्या गौरी पायलीवर बसतात. आजेसासूबाईंची लाकडी पायली, वर पितळी कडं. तिच्यात गहू भरायचे, वर मुखवटा, मग साडी. त्यामुळं आम्ही काय नवं केलं नाही, जुनंच नव्यानं दिसाय लागलंय लोकास्नी. मागच्या वर्षी जाऊबाईंच्या लेकीनं शेर, मापटं, चिपटं, कोळवं अशी उतरंड लावली गौरींपुढं, प्रत्येकात एकेक धान्य, मापट्यात शेवंती. पोरींना कोष्टक येत नव्हतं म्हणून सासऱ्यांनी शिकवलं. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी.
निळवं तेवढं हरवलंय. कुणाकडं जास्तीचं आहे का?

गोदाकाठ
आमच्याकडे बारा पायल्यांचा मण.

माणदेशी लेक
म्हणूनच तुमच्याकडं धान्य पुरत नसंल 😄

गोदाकाठ
😄 निळवं बघतो आईच्या घरी. मिळालं तर कळवतो.

आठवडी बाजार
पुण्याच्या जुन्या बाजारातून एक कोरीव ब्रॅकेट आणलं होतं, "वाड्यातलं आहे साहेब, शंभर वर्षं जुनं". घासाघीस करून घेतलं, घरी आणून मागची फळी काढली तर आत फुलीचा स्क्रू, चकचकीत. शंभर वर्षांपूर्वीच्या सुताराला बरा मिळाला! लाकूडही चहाच्या पाण्याने काळं केलेलं. तरी लावलंच, मोराचं आहे, छान दिसतं. पाहुण्यांना वाड्यातलंच सांगतो.

रंधा-पटाशी
तीस वर्षं सुतारकाम करतोय म्हणून बोलतो, राग मानू नका.
बकुळफूल, आधी खांबाखाली काळा कागद घालून दोन दिवस ठेवा. कागदावर बारीक पिठी पडली तर आत किडा जिवंत आहे. नुसती जुनी भोकं असतील तर घाबरू नका. किडा असेल तर त्याचं औषध भोकाभोकात सुईने सोडायचं आणि पूर्ण उडून जाईपर्यंत देवाजवळ न्यायचं नाही. एका गिऱ्हाइकाने आदल्या रात्री चौरंग टर्पेंटाइनने पुसला आणि सकाळी त्यावर समई. घरच्या म्हाताऱ्यांना वास आला म्हणून वाचले.

लाखेवर स्पिरिट अजिबात नको, पट्टे विरघळून हातात येतील. ओल्या सुती फडक्याने पुसा, लगेच कोरडं करा, वर मेणाचा हात. उघड्या लाकडाला जवसाचं तेल चालेल, पण ती चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना तापतं, चिंधी आपोआप पेट घेते. माझ्या गुरूंच्या कारखान्यात झालंय. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

बकुळफूल
बापरे. मी कालच तशी चिंधी बादलीत टाकली. थांबा.

बकुळफूल
काढली. गॅलरीत दोरीवर पसरली. धन्यवाद दादा, खरंच.

नेकारवाली
माझी गोष्ट उलटी. माहेरच्या खिडकीच्या झडपा आणल्या, हिरव्या ऑइलपेंटच्या, पाच-सहा थर तरी असतील. मशीन लावून घासत बसले, घरभर हिरवी धूळ, मूल रांगतं. मैत्रीण रंगांच्या धंद्यात आहे, तिने फोनवर अक्षरशः ओरडून थांबवलं. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. आपल्याकडे ९० पीपीएमची मर्यादा आली तीच मुळी २०१७ च्या नोव्हेंबरपासून. मग सगळं घर ओल्या फडक्याने पुसलं, झडपांना वरून वॉर्निश मारलं आणि पोपडे आले होते तशाच पाठीमागे उभ्या केल्या. सगळे विचारतात हा जुनाट इफेक्ट कसा दिला 🙄

स्टुटगार्टची सून
इथे कुठला माळा आणि कुठला पाळणा. शेजारच्या आजोबांनी वाइनची लाकडी पेटी दिली, पाइनची, कडेला जळक्या अक्षरांत छाप. उलटी केली, चौरंग तयार! सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "ते काय गं लिहिलंय?" म्हटलं, द्राक्षांच्या बागेचं नाव आहे. खोटं नाही ना? त्या खूश, नाशिकची आठवण निघाली. नवरा आरती अर्धवट सोडून आत हसायला गेला.

कुणी पॅलेटचं लाकूड आणणार असेल तर छाप बघा. एचटी म्हणजे उष्णता देऊन किडे मारलेलं, ते चालतं. एमबी असेल तर धुरी दिलेलं, ते घरात नको.

सोलकढी
आले. विषयाला सोडून विचारते, उकडीच्या मोदकांची पारी फाटतेय यंदा. तांदूळ बदलला म्हणून असेल का? आंबेमोहोर मिळाला नाही.

माणदेशी लेक
उकड गरम असतानाच मळ. हाताला पाणी आणि तूप दोन्ही.

खाडीपलीकडचा
हात भाजतात पण. मला अनुभव आहे 😀

कुंदकळी
बाबा सुतार होते. दर खंडेनवमीला रंधा, करवत, पटाशी धुऊन मांडायचे, झेंडू वाहायचे, त्या दिवशी हत्याराला हात नाही. ते गेल्यावर भावाने पेटी विकायला काढली, मी रंधा तेवढा मागून घेतला. दिवाळीत दारात उभा ठेवते, पातं काढून. पात्याच्या खाचेत बरोब्बर एक पणती मावते. मूठ जिथे झिजलीय तिथे माझा अंगठा बसत नाही, त्यांचा केवढा मोठा होता.
एवढंच.

नेकारवाली
❤️

रंधा-पटाशी
ताई, पाती गंजू देऊ नका. खोबरेल लावून कागदात गुंडाळून ठेवा.

स्पष्टवक्ता
सगळ्यांचं कौतुक आहे, पण एक सांगतो. पाटाला भोकं पाडून त्यात एलईडीच्या माळा घालतात ना, ते बघवत नाही. आमच्याकडे मुंजीचा पाट होता. चुलतभावाने त्याचं घड्याळ केलं. साडेनऊ कायमचे वाजलेत त्यावर. पाळणा पाळणाच राहू द्या की, तळाची फळी बदला.

बकुळफूल
दुखलं तुमचं वाचून, कारण आईपण हेच म्हणाली. पण टांगायचा कुठे? आमच्या छताला पंख्याचा हूक सोडून काही नाही, आणि घरातलं सगळ्यात लहान बाळ आता बारावीला आहे. करवत लावणार नाही एवढं नक्की. खुंट्या सोडवून उभे करीन, परत जोडता येतील असे.

दादरकर
मग झालं काय शेवटी? गणपती उद्यावर आले.

बकुळफूल
झालंय. काळ्या कागदावर पिठी नाही पडली 🙏 पट्टे नुसत्या ओल्या फडक्याने असे उजळले की नवरा म्हणाला रंग दिलास का. एक खांब बोटभर आखूड निघाला, खाली सुपारीच्या डबीचं झाकण घातलंय, कुणाला सांगू नका.

आज मोठी आत्या आली. आल्या आल्या पायही न धुता मखरापाशी गेली, डाव्या पुढच्या खांबावर वाकली आणि बोटाने काहीतरी शोधायला लागली. म्हणाली, "हे बघ, तुझ्या बापाचे दात." खरंच, कडेला बारीक खाचा आहेत, चार. मी पंधरा दिवस पुसत होते, मला वाटलं उंदराने कुरतडलंय. बाबांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, मी नाही, धाकटीने केलं असेल. दोघं तासभर भांडले.

सोलकढी
फोटो टाक ना!!

बकुळफूल
टाकते. आधी तळणीचं बघते, आत्या एकटीच आहे आत.