दिवाळीतलं रामायण अन् आमची रावेरी

विषय: दिवाळीत रामायणाला कोण कोण?

नमस्कार मंडळी,

दिवाळीत सगळ्यांनी मिळून रामायण पिक्चरला जायचं चाललंय असं वाचलं म्हणून लिहितोय. मी आता गावाकडेच आहे, राळेगाव तालुक्यात, आईजवळ, पण लिस्टवरून नाव काढलेलं नाही अन् तुम्हीही काढू नका.

नितेश तिवारीच्या या पिक्चरची मी जेवढी वाट पाहतोय तेवढी कोणत्याच पिक्चरची पाहिली नसेल. पहिला भाग २०२६च्या दिवाळीत, दुसरा २०२७च्या. रणबीर राम आहे, यश रावण आहे, संगीताला रहमानच्या जोडीला हॉलिवूडचा हान्स झिमर आहे, त्याची चर्चा सगळीकडे आहेच. मला बघायचीय ती साई पल्लवीची सीता.

त्याचं कारण आमची रावेरी. राळेगावजवळच आहे, तिथे सीतेचं देऊळ आहे, अन् गाभाऱ्यात राम नाही, लक्ष्मण नाही, सीता एकटी. आमच्याकडे सांगतात की रामानं सोडल्यावर ती इथे राहिली, लव-कुशही इथलेच, आणि बाळंतपणानंतर ती गावात पसाभर गहू मागायला गेली तर कोणी दिले नाहीत, मग तिनं शाप दिला की या गावात गहू पिकणार नाही. ते देऊळ पार पडायला आलं होतं, शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी पुढाकार घेऊन त्याचा जीर्णोद्धार केला. त्यांच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेच्या वेळी खूप शेतकऱ्यांनी बायकोच्या नावानं जमीन करून दिली, आमच्या बाबांनी पण दोन एकर आईच्या नावानं केलं, तो सातबारा तिनं अजून पितळी डब्यात ठेवलाय.

टीव्हीवर उत्तर रामायण लागायचं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. ग्रामपंचायतीचा एकच ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, अँटेना लिंबाच्या झाडाला बांधलेला, वारा आला की कोणीतरी वर चढायचं. सीतेला जंगलात सोडतात तो भाग लागला अन् माझी आजी मधूनच उठली, मी मागे पळालो तर म्हणे, "आपल्याच गावाइकडं आली होती रे ते, गहू मागाले. देल्ले नाही कोनं." शेजारच्या बाईचं बोलावं तसं बोलली. ते मी विसरलेलोच नाही.

दुसऱ्या भागात गोष्ट तिथपर्यंत जावी एवढीच माझी इच्छा आहे. अयोध्येला परत आले, दिवे लागले, की बहुतेक जण थांबतात.

तुमचा,
संजय

---

प्रेषक: सुधाकाकू

संजय, तुझा मेल वाचला आणि ह्यांनाही वाचून दाखवला. माझं माहेर यवतमाळ, रावेरीला एकदाही गेले नाही याचं फार वाईट वाटलं. आम्ही इथे आयमॅक्सला जाणार, बावीस तिकिटं सांगून झालीत. आईला कुठे दाखवशील? गुडघे कसे आहेत त्यांचे?

---

प्रेषक: निखिल

काका, रामायण तर आहेच पण त्याच्या आधी १७ जुलैला ख्रिस्तोफर नोलनचा ओडिसी येतोय, होमरच्या ग्रीक महाकाव्यावरचा, तो सोडू नका प्लीज!! पूर्ण पिक्चर आयमॅक्सच्या फिल्म कॅमेऱ्यांवर शूट केलाय, असं आधी कोणी केलेलं नाही, मॅट डेमन ओडिसियस आहे. दहा वर्षं युद्ध आणि मग घरी पोचायला अजून दहा वर्षं, आणि बायको पेनेलपी तिकडे थांबलीय, लग्नासाठी मागे लागलेल्यांना टाळायला दिवसा कापड विणते आणि रात्री उसवते. मी मूळ महाकाव्य वाचतोय सध्या, हा भाग तर भारीच आहे.

---

प्रेषक: संजय

काकू, गुडघे बरे आहेत, जिना तेवढा जमत नाही. वर्ध्याला नाहीतर यवतमाळला दुपारच्या शोला नेईन, संध्याकाळी म्हशीची धार असते. दिवाळी ८ नोव्हेंबरची, तेव्हा कापूस वेचणी जोरात राहील, पण मी तिला सांगून ठेवलंय की एक दिवस वावर बंद. तसंही वेचणीच्या सुरुवातीला आम्ही सीतादहीच करतो, वावरात दहीभात वाहतो, मग त्याच हंगामात सीतेला बघायला जाणं हे तिला एकदम पटलं.

निखिल, तुझी गोष्ट काल रात्री आईला सांगितली. ती वाती वळत होती. ऐकता ऐकता हात थांबला तिचा.

"वीस वर्सं? मंग घर-वावर कोन पाहे त्याचं?"

म्हटलं, बायको.

"मंग तिचं दाखवतीन ना?"

जुलैत आमच्याकडे डवरणी (पिकातली कोळपणी) असते, उघाड मिळाली की दोन दिवस दम नसतो, पण पाऊस लागून राहिला तर तिला नागपूरला घेऊन जाईन, भाषा कळली नाही तर कानात सांगेन. तू १७ तारखेलाच पाहशील, तर पाहून झाल्यावर तेवढं कळव, पेनेलपीच्या वाट्याला किती पिक्चर आलाय ते. आई रोज विचारणार आहे.