उन्हाळ्यात नडगीवरची जखम उघडी ठेवावी की बांधून ठेवावी?

प्रश्न (अथणी तालुका)

माझे वडील ६४ वर्षांचे असून त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या आठवड्यात खोडव्यातली पाचट गोळा करताना कापलेल्या उसाच्या बुडख्याचे टोक त्यांच्या डाव्या नडगीत घुसले. डॉक्टरांनी जखम धुऊन, टाके न घालता पट्टी बांधली. सूचनांचा कागद कन्नडमध्ये आहे. शेजारच्या मुलाने तो वाचून दाखवला, तर त्यात पट्टी एक दिवसाआड बदलावी, एवढेच लिहिलेले निघाले. मात्र आमच्याकडे सध्या दुपारी घरातही अंगाची लाही होते, संध्याकाळपर्यंत पट्टी घामाने भिजते आणि चिकटपट्टीची टोके सुटतात. उन्हाळ्यात जखम बांधून ठेवली की चिघळते, ती उघडी ठेवून वारा लागू द्यावा, असे वाड्यातील वडीलधारी मंडळी सांगतात. कोणते बरोबर, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (निपाणी, निवृत्त परिचारिका)

जखम झाकलेलीच ठेवावी. वारा लागून जखम लवकर सुकते हे डोळ्यांना खरे वाटते, परंतु सुकणे आणि भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जॉर्ज विंटर या संशोधकाने १९६२ साली डुकरांच्या त्वचेवर प्रयोग करून असे दाखवले की, उघड्या राहून खपली धरलेल्या जखमेपेक्षा झाकून किंचित ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा सुमारे दुप्पट वेगाने येते, कारण कडक खपलीखालून वाट काढण्यात त्वचेच्या पेशींचा वेळ जातो.

मात्र हा ओलावा जखमेतला असावा, घामाचा नव्हे. घामाने भिजलेली पट्टी तशीच राहिली की कडेची चांगली त्वचा, दिवसभर धुणे धुतल्यावर बोटे होतात तशी पांढरी आणि सुरकुतलेली होते, ती सोलवटते आणि तेथून जंतू आत शिरतात. उन्हाळ्यात जखम चिघळते या समजुतीमागे बहुतेक वेळा हीच भिजकी पट्टी असते. म्हणून एक दिवसाआडची सूचना कोरड्या राहिलेल्या पट्टीसाठी आहे असे समजावे. पट्टी भिजली किंवा सुटली तर त्याच दिवशी बदलावी. जखम धुण्यासाठी सलाइन किंवा उकळून निवलेले पाणी वापरावे, परंतु गारवा वाटावा म्हणून फ्रीजमधले वापरू नये, कारण जखम थंड पडली की पेशींचे काम काही काळ मंदावते. कडेची त्वचा टिपून पूर्ण कोरडी झाल्यावरच चिकटपट्टी लावावी. तीही टिकत नसेल तर पावलापासून वरच्या दिशेने सैलसर रोलर पट्टी गुंडाळावी. उष्णतेने पायातल्या रक्तवाहिन्या पसरून सूज वाढते, त्यामुळे सकाळी बेताची वाटणारी पट्टी दुपारी आवळते. बसताना पाय उशीवर उंच ठेवलेला बरा.

आणखी एक शंका मनात येते. बुडख्याची बारीक चोय आत राहिली असेल तर वरून कितीही काळजी घेतली तरी जखम भरत नाही, किंवा वरून मिटते आणि आत पू धरते. दाबल्यावर एकाच जागी टोचत असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे.

उत्तर २ (खानापूर, औषध दुकानदार)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. आमच्याकडची हवा अथणीसारखी कोरडी नसते. वळवाच्या दिवसांत दमटपणामुळे घाम अंगावरच राहतो, म्हणून आम्हाला पट्टी आणखी लवकर बदलावी लागते. तुमच्याकडे माश्यांची काळजी अधिक घ्या, विशेषतः गोठा घराला लागून असेल तर. उघड्या, वास येणाऱ्या जखमेवर माशी अंडी घालते आणि एका दिवसाच्या आत अळ्या दिसू शकतात. तसे झाल्यास रॉकेल किंवा पेट्रोल मुळीच ओतू नये, थेट दवाखाना गाठावा. हळद, तंबाखू, चुना यांपैकी काहीही जखमेत भरू नये. आमच्या भागात तंबाखू दाबण्याची सवय जुनी आहे, पण तिच्यासोबत माती आणि जंतूही आत जातात.

वडील इन्सुलिन घेत असतील तर ते कोठे ठेवता, हेही पाहावे. वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे घरातल्या तापमानात चालते, पण ते तापमान तीस अंशांच्या आत असावे लागते आणि अथणीच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ते शक्य नाही. वीज गेल्यावर फ्रीजचा भरवसा नसतो, तेव्हा ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात, बाटलीला पाणी लागणार नाही अशा बेताने, ती ठेवावी. उष्णतेने इन्सुलिन निकामी झाले की साखर वाढते, आणि साखर वाढली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी ढिल्या पडतात.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. इन्सुलिन खिडकीतल्या फळीवर होते, आजच हलवले. धनुर्वाताचे इंजेक्शन तीन वर्षांपूर्वी झाले होते, ते पुन्हा घ्यावे का? शिवाय काल रात्री त्यांना कणकण वाटली. आई म्हणते की ऊन लागले असेल.

उत्तर १ (निपाणी, निवृत्त परिचारिका)

पूर्वीचे सगळे डोस झालेले असतील तर मातीने माखलेल्या जखमेसाठी पाच वर्षांची मर्यादा धरतात, त्यामुळे तीन वर्षांपूर्वीचे पुरेसे आहे. डोसांची खात्री नसल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे.

कणकण मात्र उन्हावर ढकलू नका. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत प्रत्येक तापाला ऊन लागल्याचे नाव मिळते आणि पायात पसरणारा जंतुसंसर्ग त्याआड दोन-तीन दिवस लपतो. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असते, म्हणून दुखत नाही यावरही विसंबून राहता येत नाही. आज पट्टी सोडून जखमेभोवतीच्या लालीच्या कडेवर पेनाने रेघ ओढा. परंतु लाली रेघेबाहेर जाण्याची वाट न पाहता, ताप आहे एवढ्याच कारणासाठी त्यांना आजच डॉक्टरांकडे न्या, आणि जाताना साखर तपासलेला आकडा सोबत ठेवा.